सदतीस नंबरचा डबा

दुपारी चारला डबे परत येतात.
घासायच्या आधी मी एकेक उघडून बघते.
एकोणीस वर्षं झाली लातुरात मेस चालवतेय,
लेकरांच्या मार्कांतलं मला काही कळत नाही,
उष्ट्यातलं कळतं.

टेस्टच्या आठवड्यात भाकरी परत येते, भात संपतो.
गावाकडचं कुणी भेटून गेलं
की जवसाच्या चटणीचा कप्पा चाटूनपुसून.
प्रेमात पडलेलं लेकरू भाजी खातं
आणि पोळीची घडी तशीच.
ह्यातल्या कशाचीच मी काळजी करत नाही.

सदतीस नंबर. मन्मथ बिरादार, उदगीरकडचा,
डॉक्टरकीसाठी दुसऱ्यांदा बसलेला.
पोळ्यापर्यंत अर्धा डबा. मग नुसता भात.
मग एक दिवस झाकणाच्या आत
सकाळच्या वाफेचे थेंब होते तसेच.
झाकण उघडलंच नव्हतं.

वर गेले. खिडकी बंद,
बिस्किटांचे पुडे, चहाचे कागदी कप,
मोजले, अकरा.
म्हणाला, मावशी, भूकच लागत नाही.
वाचलेलं बसत नाही.
रडूही येत नाही,
आतून नुसतं पांढरं पांढरं वाटतं.
रात्री तीनला छातीत कुणीतरी येरझाऱ्या घालतं.

रूममेट म्हणाला, नाटकं.
घरमालक म्हणाला, नजर.
काझी डॉक्टरीणबाईंनी काही न म्हणता
अंगठ्यानं त्याची पापणी खाली ओढली.
तिथंही पांढरं.

रक्ताचा कागद आला. हिमोग्लोबिन साडेसात.
बी-ट्वेल्व्ह इतकं कमी की बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
मी विचारलं, अन्न तुटलं म्हणून मन तुटलं
का मन तुटलं म्हणून अन्न?
म्हणाल्या, ते मलाही सांगता येणार नाही,
दोन्हीकडून धरू.
सुया लिहून दिल्या,
आणि एक चिठ्ठी, मनाच्या डॉक्टरसाठी,
दर गुरुवारची.

त्या रात्री तुरीच्या पिंपापाशी बसून राहिले.
ह्या गावातल्या मिलांमधून मुलुखभर डाळ जाते.
आणि भाव चढले तेव्हा मी काय केलं,
वरणात पाणी वाढवलं.
शंभर डब्यांत वाटी वाटी पाणी.
कुणीच तक्रार केली नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं,
तोंडाला चव असलेलं लेकरू भांडतं.

मग करडईची कोवळी भाजी, हुलग्याचं माडगं,
वाटीभर दही, वर शेंगदाण्याचा कूट.
दोन घास. कधी तेही नाही.
मी बोलले नाही, डबा मात्र उघडून बघत राहिले.

येळवसला सगळी लेकरं आपापल्या शिवारात गेली.
हा गेला नाही.
भज्जी एकट्यासाठी होतच नाही,
तरी मी हरभरा सोलला, वाल, तुरीचे हिरवे दाणे,
पातेलंभर केली.
आंबिलाचं बिंदगं घेऊन गच्चीवर गेले.
औसा रोडवरच्या गाड्या बघत दोघं बसलो.
त्यानं आंबिलाचा एक घोट घेतला,
थांबला,
म्हणाला, मावशी, मीठ कमी पडलंय.

किती महिन्यांनी ह्या लेकराला
कशात तरी काहीतरी कमी लागलं.
मी मीठ आणायला खाली आले
आणि जिन्यात जरा बसले.

आजचा सदतीस नंबर: वरण संपलं,
एक भाकरी परत, दही चाटलेलं.
काल दोन्ही भाकरी परत होत्या.
परवाचं विचारू नका.
गोळ्या चालू आहेत, गुरुवारही.
परीक्षेचं आम्ही दोघं बोलत नाही.

डाळ आता एक मूठ जास्त टाकते,
हिशोबाच्या वहीत लिहीत नाही.

एकसष्टचा डबा मात्र तीन दिवस झाले
जड येतोय.
हात पुसते. पदर खोचते.
चौथा मजला, लिफ्ट बंद.